आदिवासी सेवेचा जमाखर्च

अनुदान हा शब्द सरकारी कागदपत्रांत आता इतका रुळला आहे, की त्याच्या पोटात ‘दान’ बसलेले आहे याची आठवण सहसा कोणास होत नाही. दान म्हटले की दाता आला, याचक आला, आणि दात्याच्या मर्जीचा प्रश्नही आला. भारतातील आदिवासींच्या वाट्याला गेल्या शंभर वर्षांत जे साहाय्य आले, ते प्रथम दान म्हणून आले, पुढे अनुदान म्हणून आले, आणि अगदी अलीकडे, तेही थोड्याच ठिकाणी, हक्क म्हणून येऊ लागले. या प्रवासात रुपयांचे आकडे पुष्कळ वाढले. परंतु रुपया ज्याच्या नावाने निघाला त्याच्या हातात हिशेबाची वही केव्हा गेली, हे आकड्यांच्या बेरजेत दिसत नाही. ते पाहावयाचे तर ज्यांनी ही वही प्रथम उघडली त्यांच्यापासून आरंभ केला पाहिजे.

सन १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. या संस्थेच्या घटनेत एक गोष्ट त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटावी अशी होती. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. ग्रंथालयात बसून अभ्यास करावयाचा, देशभर प्रवास करावयाचा, आणि मगच कामाला हात घालावयाचा. लोकसेवा म्हणजे फावल्या वेळचे पुण्यकर्म, या समजुतीला हा सरळ छेद होता. वकिलास आणि वैद्यास जसे शिक्षण लागते तसे लोकसेवकासही लागते, असे गोखल्यांचे म्हणणे. आज प्रशिक्षण हा शब्द प्रत्येक योजनेच्या शेपटाला बांधलेला असतो. त्याचा हा उगम विसरण्यासारखा नाही.

याच समाजात १९१४ साली एक मध्यम वयाचे अभियंते येऊन दाखल झाले. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर हे त्यांचे नाव. पुढे सारा देश त्यांना ठक्करबाप्पा म्हणू लागला. जन्म १८६९ चा, भावनगरचा. पण स्थापत्याचे शिक्षण पुण्यात झालेले. रेल्वेच्या कामासाठी ते युगांडापर्यंत जाऊन आले होते, काही काळ सांगली संस्थानात अभियंता होते, आणि नंतर मुंबई महापालिकेच्या नोकरीत सफाई कामगारांच्या वस्त्या पाहून त्यांचे मन नोकरीतून उडाले होते. महर्षी कर्वे, विठ्ठल रामजी शिंदे आणि स्वतः गोखले यांचा सहवास त्यांना लाभला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी पगाराची नोकरी सोडून ते सेवक झाले. अभियंत्याची एक सवय मात्र त्यांनी सोडली नाही. पूल बांधणारा माणूस जसा खडीचा आणि चुन्याचा हिशेब ठेवतो, तसा ते दुष्काळी कामात धान्याचा आणि कापडाचा हिशेब ठेवीत.

पंचमहालातील दुष्काळाच्या कामानिमित्त ते दाहोद आणि झालोद या तालुक्यांत हिंडले. तेथील भिल्लांची स्थिती त्यांनी पाहिली. अंगावर धड वस्त्र नसल्यामुळे झोपडीबाहेर येऊ न शकणाऱ्या बाईची हकीकत त्यांच्या चरित्रकथांत आजही सांगितली जाते. दुष्काळ सरला की साहाय्य करणारे परत जातात आणि भिल्ल पुन्हा सावकाराच्या आणि शिपायाच्या हाती राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९२२ मध्ये त्यांनी दाहोद येथे भील सेवा मंडळ काढले. मंडळात येणाऱ्याने वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घ्यावयाची, असा नियम होता. गोखल्यांच्या समाजाचा आदर्श त्यामागे उघड दिसतो. वीस वर्षे म्हणजे माणसाच्या उमेदीचा बहुतेक सारा काळ. एवढ्या मुदतीची हमी आज कोणतीही योजना मागत नाही, आणि देतही नाही.

मंडळाने आश्रम काढले, शाळा काढल्या, दवाखाने चालविले, सावकारी पाशातून सोडविण्यासाठी सहकारी पतपेढीचा प्रयत्न केला. पैसा मुंबई-अहमदाबादच्या धनिकांकडून आणि लोकवर्गणीतून येई. तो मागण्यासाठी बाप्पा स्वतः दारोदार जात. येथे दाता आणि याचक यांचे नाते सरळ होते. फक्त याचक भिल्ल नव्हता, त्याच्या वतीने बोलणारा सेवक होता. या साध्या वस्तुस्थितीत पुढील सगळ्या प्रश्नाचे बीज आहे.

मंडळातून जे कार्यकर्ते घडले त्यांचा विस्तार मोठा झाला. पांडुरंग गोविंद वणीकर मध्य प्रांतात मंडला जिल्ह्यात गेले आणि गोंडांमध्ये वनवासी सेवा मंडळाचे काम उभे केले. लक्ष्मीदास श्रीकांत हे दुसरे. संविधान अमलात आल्यावर १९५० मध्ये अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी आयुक्त नेमावयाचा होता. त्या पदावर पहिले श्रीकांतच आले. भिल्लांच्या पाड्यावर ज्याने आश्रमाची शाळा पाहिली होती, तोच आता दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल सादर करू लागला. सेवकाच्या शिक्षणाचे याहून ठळक फळ दाखविता येणार नाही.

सरकारचे या काळात काय चालले होते? इंग्रजी राजवटीला डोंगरी मुलखाचे प्रेम नव्हते आणि द्वेषही नव्हता. तेथे बंड होऊ नये आणि जंगलाचे उत्पन्न बुडू नये एवढीच तिची अपेक्षा होती. १९३५ च्या कायद्याने काही प्रदेश ‘वर्जित’ आणि काही ‘अंशतः वर्जित’ ठरवून सामान्य कारभाराबाहेर ठेवले. मुंबई इलाख्यात त्यापूर्वीच, १९२८ मध्ये, स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग आणि आदिवासी जमाती यांच्याविषयी एक समिती नेमली गेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालाने वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर भर दिला, आणि पुढे मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले. खासगी संस्थेने चालवावे आणि सरकारने पैशाचा हातभार लावावा, ही रीत येथून रूढ होऊ लागली.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याला इलाख्यातील आदिवासींची पाहणी करण्यास सांगण्यात आले. सिमिंग्टनचा अहवाल १९३९ चा आहे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची वेठ, लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे गहाण पडलेली माणसे, जंगल ठेकेदारांची लबाडी, हे सारे त्याने कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. साहेबाने लिहिले म्हणून ते सरकारी कागदावर आले. वारली ते पिढ्यानपिढ्या बोलत होता.

वारल्यांकडे जाणाऱ्या वाटा दोन निघाल्या, आणि गंमत अशी की दोन्ही गोखल्यांच्या अंगणातून गेल्या. गोदावरी परुळेकर या भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव स्त्री-सभासद. त्या आणि शामराव परुळेकर समाज सोडून किसान सभेत गेले, आणि १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडे त्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. या वाटेवर अनुदान नव्हते, अर्ज नव्हते, आणि तपासनीसही नव्हते. वारल्याने स्वतः उभे राहून ‘नाही’ म्हणावे, हेच तेथील प्रशिक्षण. दुसरी वाट विधायक संस्थांची. खेरांच्या पुढाकाराने निघालेले आदिवासी सेवा मंडळ, नाशिककडे दादासाहेब बिडकरांचे डांग सेवा मंडळ, बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आचार्य भिसे यांचे काम, हे तिचे टप्पे. या दोन वाटांवरील माणसांनी एकमेकांवर पुष्कळ टीका केली आहे. परंतु वेठ कोणी मोडली आणि शाळा कोणी बांधली हे दोन्ही प्रश्न वारल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते, आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

विधायक वाटेवरचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई सरकारने ठरविले की जंगलतोडीचे कूप ठेकेदारांना लिलावाने देण्याऐवजी आदिवासी मजुरांच्या सोसायट्यांना द्यावेत. जो झाड तोडतो त्यानेच ठेकेदार व्हावे, असा हा विचार. कल्पना सुंदर होती, पण अडचण पहिल्याच दिवशी आली. सोसायटीची नोंदणी, सभांची इतिवृत्ते, लाकडाचे मोजमाप, मजुरीचे हजेरीपट, वन खात्याशी पत्रव्यवहार, हे करणार कोण? मजुराला अक्षर येत नव्हते. म्हणून प्रत्येक सोसायटीच्या मागे एक समाजसेवी संस्था पुरस्कर्ती म्हणून उभी करण्यात आली. संस्थेचे कार्यकर्ते कारभार पाहत, मजूर सभासद असत.

या व्यवस्थेचे श्रेय आणि तिचा दोष एकाच जागी आहेत. मजुराच्या हाती पुरी मजुरी पडू लागली, ठेकेदाराचा मुकादम दूर झाला, नफ्यातून शाळा आणि दवाखाने निघाले, हे खरे. ठाणे, नाशिक, धुळे या जिल्ह्यांत ज्यांनी त्या सोसायट्यांचे चांगले दिवस पाहिले त्यांनी त्यांचा गौरवच केला. पण संस्थेने हात धरून चालवावयाचे ते काही वर्षांपुरते, मग मजुरांनी आपले आपण चालवावे, ही मूळ अपेक्षा फार थोड्या ठिकाणी पुरी झाली. अध्यक्ष आदिवासी असे, पण वही चिटणीसाच्या कपाटात असे. अंगठा कोठे उठवावयाचा हे अध्यक्षाला माहीत झाले. अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे ते वाचावयास त्याला शिकविण्याची निकड कोणास वाटली नाही. हात धरणाऱ्याला हात सोडण्याचे शिक्षण द्यावयाचे राहून गेले, असे म्हणावे लागते. पुढे १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तोडच आवरती घेतली गेली आणि अनेक सोसायट्यांचे काम आपोआप आटले.

इकडे दिल्लीत संविधान आकार घेत होते. वर्जित प्रदेशांविषयी घटना समितीने जी उपसमिती नेमली तिचे अध्यक्ष ठक्करबाप्पा होते, आणि तिच्या सभासदांत जयपालसिंग मुंडा होते. बाप्पा त्या वेळी सत्तरीच्या पलीकडे गेलेले. जयपालसिंग छोटा नागपूरचे, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नायक. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत बोलताना त्यांनी सांगितले होते की आदिवासींना लोकशाही शिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती त्यांच्याकडूनच इतरांनी शिकावयाची आहे. सभागृहाने हे भाषण आदराने ऐकले. त्याचा अर्थ कारभारात उतरावयास मात्र पन्नास वर्षे लागली.

संविधानाच्या २७५ व्या अनुच्छेदाने एक महत्त्वाची गोष्ट केली. अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी आणि अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराचा दर्जा उंचावण्यासाठी राज्यांनी ज्या योजना हाती घ्याव्या, त्यांचा खर्च भारताच्या संचित निधीतून द्यावयाचा, असे तेथे लिहिले आहे. हा खर्च त्या निधीवर भारित आहे. म्हणजे दात्याची मर्जी येथे संपली. देणे लागू झाले. एवढे झाले तरी, हे देणे केंद्राने राज्याला द्यावयाचे आहे, आणि तेही केंद्राने संमत केलेल्या योजनांसाठी. देणारे एक सरकार, घेणारे दुसरे सरकार. ज्याच्यासाठी हे सारे, तो या अनुच्छेदात योजनेचा विषय म्हणून येतो, पक्षकार म्हणून येत नाही.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी ४ कोटी रुपये राखून ठेवण्यात आले, आणि त्यांचे वाटप करण्यासाठी १९५३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ निर्माण झाले. त्याच्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. ज्यांच्या खजिन्यातून हा पैसा निघाला ते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्यांचे पती, ही गोष्ट त्या काळी कौतुकाने बोलली जाई. दुर्गाबाईंनी मंडळाला खात्याचे स्वरूप येऊ दिले नाही. पण सरकारी पैसा आला की नियम येणारच. संस्था नोंदलेली हवी, हिशेब तपासलेले हवेत, खर्चाचा काही हिस्सा संस्थेने स्वतः उभा करावयास हवा. याच सुमारास, १९५३-५४ पासून, आदिवासींमध्ये काम करणाऱ्या संस्थांसाठी केंद्राची वेगळी अनुदान-योजनाही सुरू झाली. तिच्यात पुढे रूढ झालेले प्रमाण असे, की खर्चाचे ९० टक्के सरकारने द्यावे आणि १० टक्के संस्थेने घालावे. अनुसूचित क्षेत्रातील कामाला मात्र यातून सूट.

हे नियम अन्याय्य आहेत असे कोणी म्हणणार नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना द्यावाच लागतो. परंतु नियमाची चाळणी कशी लागते ते पाहिले पाहिजे. ज्या संस्थेजवळ शहरातला हिशेबनीस आहे, टंकलेखन यंत्र आहे, दिल्ली-मुंबईत ओळख आहे, तिचा अर्ज चाळणीतून सहज खाली उतरतो. जंगलातल्या गावाची जी स्वतःची पंचायत आहे, जी भांडणे मिटविते, पाण्याची वाटणी करते, मोहाच्या झाडांची वहिवाट ठरविते, ती १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली नाही. म्हणून सरकारच्या लेखी ती संस्थाच नव्हे. तिला अनुदान मिळण्याचा मार्ग नव्हता, आणि तिच्या माणसांना प्रशिक्षण देण्याची तरतूदही नव्हती. शिवाय अनुदानाचा हप्ता वर्ष सरता सरता यावा आणि तो मार्चअखेर खर्ची पडावा, हा अनुभव लहान संस्थांच्या इतका अंगवळणी पडला की पुष्कळ ठिकाणी कामाचे वेळापत्रक पावसावर न ठरता खजिन्यावर ठरू लागले.

दुसरी मोठी हालचाल सामूहिक विकासाची. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी तिचा आरंभ झाला. दोन-तीन वर्षांतच आदिवासी भागांसाठी ४३ विशेष बहुउद्देशी गट ठरविण्यात आले, आणि प्रत्येक गटासाठी पाच वर्षांत २७ लाख रुपये मंजूर झाले. डोंगरातल्या एखाद्या गटात त्या काळी २७ लाख रुपये म्हणजे स्वप्नातली रक्कम. या गटांचे काय झाले ते पाहण्यासाठी १९५९ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते डॉ. व्हेरिअर एल्विन.

एल्विन आणि ठक्करबाप्पा यांचे जुने वाद मराठी वाचकांना अपरिचित नाहीत. एल्विन पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून बाहेर पडून शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजियाला गेले आणि गोंडांमध्ये राहिले. आदिवासींच्या जीवनात बाहेरच्यांनी घाईने हात घालू नये, असे त्यांचे मत. बाप्पांनी १९४१ मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेत रा. ब. काळे स्मारक व्याख्यान दिले, त्यात या अलगपणाच्या धोरणाचा त्यांनी कडक समाचार घेतला. प्रा. गो. स. घुर्ये यांनीही १९४३ मध्ये आपल्या ग्रंथात एल्विन यांच्याविरुद्ध लेखणी उचलली. वादात दोन्हीकडे अतिशयोक्ती झाली. बाप्पांच्या कार्यकर्त्यांना भिल्लांचे नृत्य आणि मद्य यांत सुधारण्यासारखेच सगळे दिसे. एल्विनांना त्या नृत्यामागचे कर्ज कधी कधी कमी दिसे. पण १९६० च्या अहवालात एल्विन जे लिहितात, ते वाचून बाप्पांनीही मान डोलावली असती. बाप्पा १९५१ च्या जानेवारीतच निवर्तले होते.

समितीचा निष्कर्ष थोडक्यात असा. पैसा कमी पडलेला नाही. योजना फार झाल्या आहेत. प्रत्येक खात्याची एक योजना, प्रत्येक योजनेचा एक नमुना, आणि मैदानी प्रदेशासाठी तयार झालेला तो नमुना डोंगरावर जसाच्या तसा उतरविलेला. इमारतींवर खर्च अधिक, माणसांवर कमी. कर्मचाऱ्यांना लोकांची भाषा येत नाही आणि रीतिरिवाज ठाऊक नाहीत. म्हणून योजना थोड्या करा, सोप्या करा, आणि माणसे शिकवून पाठवा. याच्या थोडे आधी, १९५८ मध्ये, पंडित नेहरूंनी एल्विनांच्या ईशान्य सीमाप्रदेशावरील पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली होती. तीत आदिवासी धोरणाची पाच सूत्रे आहेत. त्यांतले एक असे की कारभाराचे आणि विकासाचे काम करण्यासाठी त्या लोकांमधूनच माणसे तयार करावीत. दुसरे असे की फलाचे माप आकड्यांनी आणि खर्चाने न घेता माणसाच्या गुणवत्तेने घ्यावे. पंतप्रधानाने लिहिलेले हे वाक्य अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली घालावयाचे, हे मात्र कोणत्याही खात्याला ठरविता आले नाही. ढेबर आयोगाने १९६१ मध्ये हा सारा विषय पुन्हा विस्ताराने तपासला. पुण्याची आदिवासी संशोधन संस्था १९६२ ची. संशोधनाबरोबर प्रशिक्षण हेही तिचे काम ठरले.

माणसे तयार करावयाची म्हणजे काय करावयाचे, याचे उत्तर एका टेकडीवर शोधले जात होते. कस्तुरबांच्या निधनानंतर १९४४ मध्ये जो निधी जमला त्याचा संकल्प पाऊण कोटीचा होता, जमा कोटीच्या वर झाली. ठक्करबाप्पाच त्याचे चिटणीस. त्यातून ग्रामसेविका शिकवून खेड्यात पाठविण्याचे काम निघाले, आणि महाराष्ट्रात ते सासवडच्या आश्रमातून प्रेमाबाई कंटक यांनी केले. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना या कामातली. गुरे राखणारी पोरे शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणशाळा निघाल्या. महागड्या खेळण्यांच्या जागी पाने, बिया आणि शिंपले आले. बालसेविकांना शिकविताना या दोघींनी सामान असे निवडले की ते विकत घ्यावयास अनुदान लागू नये. हे सुटसुटीत शहाणपण अहवालात सहज डोळ्यांआड होते. १९७५ मध्ये केंद्राने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे मराठी नाव देशभर गेले.

त्यानंतरचा पाव शतकाचा काळ योजनांच्या नावांनी भरलेला आहे. पाचव्या योजनेबरोबर आदिवासी उपयोजना आली, एकात्मिक प्रकल्प कार्यालये आली, १९८६ मध्ये ग्रामीण संस्थांना अनुदान आणि प्रशिक्षण देण्यासाठी ‘कपार्ट’ निघाली, १९९९ मध्ये केंद्रात आदिवासी कार्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले. कपार्ट पुढे हैदराबादच्या ग्रामीण विकास संस्थेत विलीन झाली. ही नावे येथे एका दमात घेतली याचे कारण, त्यांत पैशाची वाट बदलली तरी तिची दिशा बदलली नाही. ती वरून खालीच येत राहिली.

दिशा बदलण्याचा पाया घातला तो २४ डिसेंबर १९९६ च्या कायद्याने. ‘पेसा’ या नावाने तो ओळखला जातो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा, मग ती एका पाड्याची का असेना, आपली रीत, आपली साधनसंपत्ती आणि आपली भांडणे सांभाळण्यास समर्थ आहे, असे त्याने मान्य केले. नोंदणीच्या कागदावाचून जिला पूर्वी संस्था म्हणून ओळख नव्हती, ती आता कायद्यात आली. जयपालसिंगांच्या त्या भाषणाला बरोबर पन्नास वर्षे झाली होती.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या छोट्या गोंड गावाने कायद्याची वाट पाहिली नव्हती. १९८० नंतरच्या दशकातच तेथे लोकांनी अभ्यासगट सुरू केला होता. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसत, कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, याची चर्चा करीत, आणि निर्णय मात्र ग्रामसभाच घेई, तोही बहुमताने न घेता सर्वसहमतीने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. येथे प्रशिक्षण कोणी कोणास दिले हे सांगणे कठीण आहे. शिकणारा आणि शिकविणारा आळीपाळीने बदलत असत. गोखल्यांच्या पाच वर्षांच्या उमेदवारीचे हे रूप त्यांना कदाचित ओळखू आले नसते, पण अमान्य झाले नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचे परवाने वन खात्याच्याच हाती राहिले. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. त्यानंतर गावाने आपला बांबू आपण विकला, निविदा आपण काढल्या, हिशेब आपण लिहिला. जंगल कामगार सोसायटीच्या चिटणीसाच्या कपाटात जी वही राहिली होती, तशी वही येथे गावाच्या सभेत उघडी पडली.

महाराष्ट्र सरकारने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यास आरंभ केला. अबंध निधी असे त्यास म्हणतात. त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा आहे, आणि त्यासाठी कोष समिती नेमावयाची आहे. पालघर, नाशिक, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांत हे क्षेत्र पसरलेले आहे. पुण्याची ‘यशदा’ या कामाचे प्रशिक्षण देते. नव्वद-दहाचे प्रमाण येथे नाही, अर्ज नाही, आणि पुरस्कर्ती संस्थाही नाही. उरलेल्या ९५ टक्क्यांचा निर्णय पूर्वी जेथे होत असे तेथेच होतो, हेही नमूद केले पाहिजे.

आणि एक अडचण आहे. निधी जातो तो ग्रामपंचायतीच्या नावे. एका ग्रामपंचायतीत कधी पाच-सहा पाडे असतात, आणि मोठ्या गावठाणाचा आवाज लहान पाड्यापेक्षा मोठा असतो. कायद्याप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. त्यासाठी पाड्यातल्या लोकांनी ठराव करावयाचा, सह्या आणि अंगठे उठवावयाचे, आणि तो वर पाठवावयाचा. मग चौकशी होते, सीमा पाहिल्या जातात, शेजारच्या गावाचे म्हणणे घेतले जाते. काही पाड्यांची नावे राजपत्रात छापून आली. पुष्कळांचे ठराव अजून फिरत आहेत; आणि ते पुढे सरकविण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत कोणी जावयाचे, कोणता कागद मागावयाचा, दिलेल्या अर्जाची पोच कशी घ्यावयाची, हे ज्यांना येते अशी पोरे आता त्या पाड्यांतच तयार होत आहेत.